पाय घसरलेल्यांचा पंच

होनकेरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत कुणी कुणाला मारीत नाही. माणसं घसरतात. विहिरीच्या काठावरून घसरतात, बांधावरून घसरतात, माळवदावरून घसरतात. एक इसम तर बाजेवरून घसरला आणि डोक्याला मार लागून मयत झाला. बाज गुडघाभर उंचीची होती. ठाण्यात साहेबांच्या खुर्चीमागं गुन्ह्यांचा फळा आहे. चोरी, घरफोडी, जुगार यांच्यापुढचे आकडे दर महिन्याला पुसून खडूनं नवे लिहितात. 'खून' या शब्दापुढचं 'निरंक' मात्र एकदाच पांढऱ्या रंगानं रंगवून घेतलेलं होतं. तेवढाच खडू वाचतो.

या सगळ्या घसरलेल्यांना शेवटचं नीट निरखून पाहण्याचं काम ज्याच्याकडं होतं, तो चांदसाब शिलाईवाला.

मयताचा पंचनामा करायचा तर दोन पंच लागतात. ही पद्धत इंग्रज साहेबानं घोड्यावरून फिरता फिरता घालून दिली. घोडा गेला, साहेब गेला, परवापरवा कायदाही नवा आला आणि कलमांचे आकडे बदलले, पंच तेवढे राहिले. पंच प्रतिष्ठित असावा आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसावा, अशी अपेक्षा असते. आता प्रतिष्ठित माणूस म्हटला की तो कुठल्या तरी गटाचा असतोच, आणि कुठल्याच गटाचा नसलेल्या माणसाला प्रतिष्ठा देणार कोण? चांदसाबला जमीन नव्हती, म्हणून बांध नव्हता. गावात त्याच्या घराण्याचं एकच घर, म्हणून भावकी नव्हती. आणि त्याचं शिलाईचं पत्र्याचं खोकं ठाण्याच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून होतं, म्हणजे एका हाकेवर. एवढ्यावर त्याची प्रतिष्ठा ठरली. दुसरा पंच अमृत चहावाला. तो चांदसाबनं जिथं सही केली असेल त्याच्या बरोबर खाली सही करी. वाचण्याचा प्रश्न दोघांनाही कधी पडला नाही.

खोक्याची जागा पोलीस खात्याची. ती चांदसाबला कुणी दिली नव्हती आणि त्याच्याकडून कुणी काढून घेतली नव्हती. या दोन गोष्टींच्या मधोमध त्याची सही होती, हे त्यालाही माहीत होतं आणि ठाण्यालाही.

काम अवघड नव्हतं. जीपमध्ये बसायचं, रुमाल नाकाला लावायचा, जमादार दाखवतील तिकडं बघायचं आणि मग 'पंचांचे मत' या शब्दांखाली जे लिहिलं असेल त्याखाली सही ठोकायची. मत ठरलेलं असे : सदर इसम हा दारूच्या नशेत पाय घसरून पडून मयत झाला असावा. दारूबंदीसाठी तहसीलपुढं उपोषणाला बसणारे एक गुरुजी होते, तेही मेल्यावर नशेत निघाले.

जमादार महादेवप्पा अक्कलकोटकडचे. बोलता बोलता कानडीत शिरायचे आणि लिहिताना सरकारी मराठीत. एकदा चांदसाबनं त्यांना सहज विचारलं होतं, "जमादार, दरवेळी दारू कशाला?"

"अरे, शुद्धीतल्या माणसाचा पाय घसरला की प्रश्न येतात," जमादार म्हणाले. "का घसरला, कुठं चालला होता, बरोबर कोण होतं. पिलेल्याचा घसरला की कोण काय विचारतंय? दारू म्हणजे पंचनाम्याचं बूड आहे. बूड काढलं की सगळं गळतंय."

चांदसाबला दिसत नव्हतं असं नाही. बघायचं काम पंचाचं आणि लिहायचं पोलिसांचं, अशी वाटणी त्यानं मनाशी करून घेतली होती. शिवणकामातही हेच असतं. कापड म्हणतं तंग होतंय, गिऱ्हाईक म्हणतं अजून आवळ. आपण गिऱ्हाईकाचं ऐकायचं.

संध्याकाळी घरी गेला की शमशाद हातपाय धुवायला पाणी ठेवायची आणि विचारायची, "आज किसका पाँव फिसल्या जी?"

"निंबगुंडी का एक था."

"तुमे देखे फिसलते?"

"फिसले बाद बुलाते मेरे कू."

"हौ," ती म्हणायची. "हमारे मोहल्ले में अच्छा है. सब बिस्तर पे मरते."

निंबगुंडी हे हद्दीतलं सर्वांत शांत गाव. वेशीवरच्या कमानीवर 'तंटामुक्त' असं लिहिलेलं, आणि तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आदिनाथअण्णा कमानीच्या आतल्या अंगाला फोटोत हात जोडून उभे. गावात तंटा झाला की दोन्ही बाजू अण्णांकडं येत. अण्णा ज्याच्या बाजूनं निकाल देत तो घरी जाई, दुसरा घसरे. अण्णांचा ऊस मोठा, मोबाईलचा टॉवर त्यांच्याच रानात, आणि उसाला लागून कुंडलिकची चार एकर ज्वारी. दोहोंच्या मधे बांध, बांधावर लिंब, लिंबाखाली हद्दीचा दगड. दर उन्हाळ्यात अण्णांचा ट्रॅक्टर नांगरताना बांधात फाळाचं एक तास घालून जाई. बांध इतका कोरला गेला की कुंडलिक त्यावरून तारेवर चालल्यासारखा एकामागं एक पाऊल टाकीत जायचा. तंटा मात्र नव्हता. गाव तंटामुक्त होतं.

एप्रिलातल्या एका सकाळी कुंडलिक त्याच लिंबाखाली मरून पडलेला सापडला.

कुंडलिकची बायको बजाबाई वर्दी द्यायला टेम्पोत बसून होनकेरीला आली. ठाण्यात तिला 'बसा' म्हणाले, आणि बसायला आत जागा नव्हती म्हणून ती चांदसाबच्या खोक्याच्या पायरीवर टेकली. डोईवरचा पदर दातात धरलेला. रडून झालेलं होतं की अजून व्हायचं होतं, ते कळत नव्हतं. आत महादेवप्पा जमादार पंचनाम्याचा वरचा भाग लिहून ठेवत होते. जागेवर उन्हात कशाला वेळ घालवायचा. लिहिताना मोठ्यानं म्हणायची त्यांना सवय. खिडकी खोक्याच्या डोक्यावरच.

"सदर इसम नामे कुंडलिक... दारूच्या नशेत... बांधावरून पाय घसरून... हद्दीच्या दगडावर डोके आदळून..."

बजाबाईनं दातातला पदर सोडला.

"चांदसाबभाऊ, तुमीच पंच की?"

"व्हय."

"त्यांच्या गळ्यात माळ होती. चुना-तंबाकूसुदिक न्हाई आयुष्यात. दारू कुटनं आली?"

चांदसाब काजं करत होता. त्यानं सुई थांबवली. "लिहायची पद्धत हाय ती, बजाबाई. सगळ्यांच्याच कागदावर असती."

"सगळ्यांच्या असू द्या. आमच्या नको."

"अन् बाकीचं?"

बजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "कुणी मारलं ते मला ठावं हाय. ते तुमास्नी बी ठावं हाय. ते मी कुणाला म्हणत न्हाई. म्हणून काय हुनार? पर उद्या दहाव्याला बाया म्हणतील, पिऊन मेला. माळकरी माणूस, तेवढं तोंडावर घेऊन जाऊ नये. तेवढी दारू काढा. एवढंच करा."

मागणी इतकी लहान होती की नाही म्हणायला चांदसाबला लाज वाटली. खुनी पकडा म्हणाली असती तर तो सहज नाही म्हणाला असता. खोकं त्याच्या पाठीला होतं. भिंत खोक्याच्या पाठीला. एक शब्द काढल्यानं भिंत पडत नाही, असा त्यानं हिशेब केला आणि मान हलवली.

जीपमध्ये त्यानं विषय काढला. "जमादार, ते दारूचं काढता येईल का? माळकरी होता."

"माळकरी पीत नाही असं कुठल्या कलमात आहे?"

"बाई लई म्हणती."

"बाई म्हणती म्हणून बूड काढू?" जमादार खिडकीबाहेर बघत म्हणाले. मागच्या सीटवर अमृतशेजारी ऋतुजा बसली होती, ठाण्यात नवीन आलेली शिपाई. तिच्या हातात मोबाईल. पंचनाम्याचं चित्रीकरण करायचं आणि जागेवरूनच वर पाठवायचं, असा आदेश आला होता. जमादारांच्या मते ही मेलेल्या माणसाची रील होती, आणि त्यांनी ते काम तिच्यावर सोपवून अंग काढून घेतलं होतं.

रानात चार माणसं आणि आदिनाथअण्णा. जीपमागोमाग बजाबाईही टेम्पोनं येऊन पोचली. अण्णांनी मयताच्या अंगावर स्वतःची शाल घातली होती. कुंडलिक उताणा पडला होता. डोक्याला मागून खोक, रक्त बांधाच्या मातीत मुरलेलं. दगड डोक्यापासून हातभर अंतरावर, रक्ताचा थेंबही नसलेला, कोरडा. तो कोरडा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणूनच त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मोबाईल वर झालेला पाहून अण्णांनी टोपी सारखी केली आणि ते दोन पावलं पुढं येऊन चित्रात उभे राहिले.

जमादारांनी मजकूर वाचला. दारूचा शब्द आला तशी बजाबाई पुढं झाली. चांदसाबकडं बघत राहिली.

"अण्णा," चांदसाब म्हणाला, "बाईचं म्हणणं हाय, दारू तेवढी नको."

अण्णांना हे आवडलं. माणुसकी दाखवायची, आणि तीही चित्रीकरणात. "काढा की जमादार. मेलेल्या माणसाला कशाला बट्टा लावायचा? माळकरी माणूस होता. शेजारी होता आमचा."

"अण्णा, नको," जमादार हळू आवाजात म्हणाले.

"काढा म्हणतो ना मी."

जमादारांनी निरुपायानं दोन शब्दांवर रेघ ओढली. मग पेन तसंच हवेत धरून विचारलं, "बरं. दारू काढली. मग पाय कशानं घसरला?"

लिंबावर होला घुमत होता.

"चिखल?" अमृत चहावाला म्हणाला.

"एप्रिल आहे रे."

"मग साप दिसला म्हणा. साप बघून दचकला."

"कुठनं आला साप? इकडून का तिकडून?" जमादारांना दिशा लिहावी लागते. "ह्या बाजूला अण्णांचा ऊस..."

"माझ्या उसात साप न्हाईत," अण्णा दुखावून म्हणाले. "चार वक्ताला औषध मारतो मी."

"मग चक्कर."

"चक्कर कवाच आली न्हाई त्यास्नी," बजाबाई म्हणाली.

जमादारांनी कपाळाचा घाम पुसला आणि खाली पाहिलं. बांधावर त्यांचाच एक बूट मावत होता, दुसरा ज्वारीच्या धसकटात होता. त्यांचा चेहरा उजळला. "इरली, इरली. असू द्या. बांधच एवढा अरुंद आहे की." आणि ते लिहू लागले : "बांध अत्यंत अरुंद असल्याने सदर इसमाचा..."

"कोण म्हणतं अरुंद?"

अण्णांचा आवाज बदलला होता. शालीचा, माणुसकीचा आवाज गेला आणि बांधाचा आवाज आला.

"लिहायपुरतं, अण्णा."

"लिहायपुरतं काय? उद्या हा कागद मोजणीला लावला तर? अरुंद म्हणजे कुणीतरी कोरला असा अर्थ हुतो. बांध हाय तेवढाच हाय."

"चार हात हुता," बजाबाई खाली बघत म्हणाली. "मामंजींच्या वक्ताला बैलगाडी जायची ह्याच्यावरनं."

"बैलगाडी?" अण्णा तिच्याकडं वळले. "अगं, चोर तर तुमचं घर. ह्यो दगडच हितला न्हाई. ह्यो तीन हात पलीकडं हुता, ज्वारीत. काल सांजच्याला तुझ्या नवऱ्यानं पहार घालून सरकवला अन् माझ्या हद्दीत आणून रोवला. मी सोता बघितलं, ह्या डोळ्यांनी. हातात पहार हुती."

जमादार म्हणाले, "अण्णा, इरली."

पंच म्हणून चांदसाबनं इतकी वर्षं काढली, पण मयताच्या जागेवर त्यानं कधी प्रश्न विचारला नव्हता. पंचानं विचारायचं नसतं. शिवताना हातातून दोरा थोडा जास्त सैल सुटावा तसं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मग?"

"मग काय?" अण्णा म्हणाले. "माझ्या हद्दीत पाय टाकल्यावर पूजा घालायची का त्याची? त्याचीच पहार घेतली अन् दिली एक." आणि गैरसमज नको म्हणून, न्यायी माणसाच्या स्वरात पुढं म्हणाले, "एकच दिली."

होला घुमायचा थांबला होता, किंवा कुणाला ऐकू येत नव्हता. अण्णांनी सगळ्यांकडं पाहिलं. ज्या दगडासाठी ते एवढं बोलले तो त्यांच्या हद्दीत सरकवलेला आहे हे आता सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा त्याचंच समाधान आलं. बाकीचं कळायला थोडा वेळ लागला.

"तेवढं पुसा ते," जमादार ऋतुजाला म्हणाले.

"गेलं, जमादार," ऋतुजा म्हणाली. "आपोआप वर जातंय."

"हितं कुठली रेंज?"

तिनं उसापलीकडं बोट केलं. अण्णांच्या रानातला टॉवर उन्हात चमकत होता.

जमादारांनी कागद सारखा केला. मग सवयीनं म्हणाले, "पंचांचे मत. सहमत लिहू?"

"कशाशी?" चांदसाबनं विचारलं.

"मग तूच सांग," जमादार म्हणाले. त्या दिवशी होनकेरी ठाण्याच्या इतिहासात प्रथमच पंचाला त्याचं मत विचारण्यात आलं. चांदसाबला मत असण्याचा सराव नव्हता. बजाबाई अजून त्याच्याकडं बघत होती. ज्याची तिला हमी दिली होती ते त्यानं आधी सांगितलं.

"लिहा. मयत शुद्धीत होता."

"आणि?"

चांदसाबनं अण्णांकडं पाहिलं. "आणि अण्णा बी शुद्धीत होते."

अमृतनं बरोबर खाली सही केली.

पहार उसात सापडली. अण्णांना नेलं, तसं कमानीवरच्या फोटोवर कुणीतरी फडकं बांधलं आणि जामीन झाल्यावर सोडलं. ठाण्यातल्या फळ्यावरचं 'निरंक' खरवडावं लागलं. रंग पक्का होता. खरवडताना 'खून' हा शब्दही निघाला, आणि काही दिवस तिथं नुसताच एक आकडा होता, कशाचा ते कळत नव्हतं. चांदसाबच्या खोक्याला अतिक्रमणाची नोटीस आली. ती आणून देताना जमादारांनी त्याच्याकडून खांद्यावरची पट्टी शिवून घेतली आणि म्हणाले, "माझं काही नाही बाबा यात. बूड काढलंस ना." चांदसाबनं मशीन मंद्रूपच्या बाजारपेठेत नेलं, चपलांच्या दुकानाच्या ओट्यावर. शमशाद म्हणाली, "अच्छा हुआ. वहाँ जिंदे लोगों के कपडे सीते."

खटला सोलापूरला उभा राहिला. अण्णांचे वकील शहरातले, उंच, आवाज लोण्यासारखा. त्यांनी चांदसाबला पाणी विचारलं, नाव विचारलं, आणि मग टेबलावर पंचनाम्यांच्या नकलांचा गठ्ठा ठेवला.

"या सगळ्यांवर तुमची सही आहे?"

"हाय."

"म्हणजे तुम्ही सराईत पंच आहात."

"ठाणं शेजारी हुतं."

वकिलांनी एकेक नक्कल उचलून शेवटचं वाक्य वाचलं. दारूच्या नशेत पाय घसरून. दारूच्या नशेत पाय घसरून. गुरुजी आले. बाजेवरचा इसम आला. कोर्टात कुणीतरी हसलं. चांदसाबनं कठड्यावर हात ठेवला. त्याला ही सगळी माणसं आठवत होती, आणि कुणाचाच पाय आठवत नव्हता.

"हे तुमचं मत खरं होतं का?"

"ते मेले हुते," चांदसाब म्हणाला. "येवढं खरं."

"मी मताबद्दल विचारतोय."

"साहेब, मत विचारलं एकदाच. निंबगुंडीला."

"आणि त्या एका मतावर न्यायालयानं विश्वास ठेवावा, असं तुमचं म्हणणं?" वकिलांनी गठ्ठा नीट रचला, कडा जुळवल्या आणि उत्तराची वाट न बघता खाली बसले. उत्तराची त्यांना गरज नव्हती. चांदसाबला ते कठड्यातच कळलं. एवढ्या वर्षांत एकदा तो खरं बोलायला उभा राहिला होता, आणि त्याच्या विरुद्ध साक्ष द्यायला त्याच्याच सह्या येऊन बसल्या होत्या. सरकारी वकील मोबाईलातल्या चित्रीकरणाबद्दल बोलायला उठले, तर अण्णांच्या वकिलांनी आवाज अण्णांचाच कशावरून, असा मुद्दा काढला. तारीख पडली. अजून पडते आहे.

होनकेरीच्या हद्दीत मात्र एक सुधारणा झाली. मसुद्यातून दारू कायमची गेली. 'चक्कर येऊन' आलं. माणसं अजूनही पाय घसरूनच मरतात, पण शुद्धीत मरतात.

त्या दिवशी साक्ष संपल्यावर बजाबाई कोर्टाच्या फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत बसली होती. आत मागच्या बाकावर तिला सगळं ऐकू आलं नव्हतं, आणि आलेलं सगळं कळलं नव्हतं. चांदसाब तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. अण्णा सुटण्याची शक्यता आहे, आणि सुटले तर त्यात आपल्या सह्यांचा हात असेल, हे तिला कसं सांगावं याची तो मनात जुळवाजुळव करत होता.

"बजाबाई, वकील लई हुशार हाय त्यांचा..."

"त्ये असू द्या," ती म्हणाली. "दारूचं काय म्हणला का त्यो? आमच्या ह्यांच्या?"

चांदसाबनं आठवून पाहिलं. वकील सगळ्यांच्या दारूबद्दल बोलले होते. कुंडलिकच्या नाही.

"न्हाई. त्येचं काय म्हणला न्हाई."

बजाबाईनं पदर झटकला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"मग चला. मंद्रूपची गाडी लागली असंल."

यष्टीत तिनं हट्टानं खिडकीची जागा त्याला दिली. नाक्याच्या पुढं एका रानात ट्रॅक्टर नांगरट करत होता, बांधाच्या अगदी अंगाला लागून. दोघांनीही तिकडं पाहिलं, आणि दोघंही समोर बघू लागली.